भरल्या ताटावरून

माझ्या नातीच्या कॉलेजात आता दर सत्राच्या शेवटी मोबाईलवर फीडबॅक भरून द्यावा लागतो. परवा ती सोफ्यावर आडवी पडून, एका हातानं चिवडा खात, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पटापट चांदण्या दाबत होती. शिक्षक कसे वाटले, चार चांदण्या. विषय कसा वाटला, तीन. कार्टी वाचूनही पाहत नव्हती. मी म्हटलं, "अगं, काय विचारलंय ते वाच तरी." तर म्हणते, "आजी, कोणी बघत नाही गं ते. तुमच्या वेळी होतं का असं काही?" होतं की. आमच्या वेळी त्याला अभिप्राय म्हणायचे, आणि तो मी जन्मात एकदाच दिला, सगळ्यांच्या देखत उभं राहून. "सर, तुमच्या कोर्सनं आमच्या घरातलं एक माणूस कमी झालं," असं म्हणाले होते मी. नात हसली. तिला वाटलं, आजीची काहीतरी थट्टा. मग मीही विषय बदलला, चिवड्यात मीठ जास्त झालंय का ते विचारलं. पण तेव्हापासून दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचं घर चांदूर बाजारच्या थोडं आत, संत्र्याच्या बगीच्यांच्या गावात. घरात बाबा, आई, मी आणि शोभाताई. ताई माझ्याहून बरीच मोठी आणि बोलण्यात मोठी आगाऊ. जेवताना तिचं तोंड दोन्ही कामांसाठी सारखं चालायचं. आई ओरडायची, "आधी गिळ, मंग बोल!" आणि ताई मुद्दाम घास तोंडात ठेवून गालाचा फुगा करून दाखवायची, की मला ठसका लागायचा. चिंचवणी तर ती वाटीतून खायचीच नाही, तळहातावर ओतून घ्यायची आणि कोपरापर्यंत ओघळ आला की चाटायची. चिंचेचा कोळ आणि गूळ घालून अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, करतात ती चिंचवणी. आता कोणी करत नाही, सगळ्यांना ॲसिडिटी होते. बारावी झाल्यावर मामानं तिला स्टीलचं ताट दिलं होतं, भांड्यांच्या दुकानातून कडेवर नाव कोरून आणलेलं. ते ताट दुसऱ्या कोणी घेतलं की घर डोक्यावर घ्यायची.

मी शाळेत गेले होते त्या दिवशी. दुपारी ताई जेवणावरून उठून बगीच्याकडे गेली ती परत आली नाही. दिवस कलता कलता विहिरीत सापडली. विहिरीच्या पायऱ्यांना शेवाळ होतं, म्हणून आम्ही सांगायचो की पाय घसरला. तिचं लग्न ठरत होतं आणि तिला ते नको होतं, पुढं शिकायला अमरावतीला जायचं होतं, म्हणून गाव सांगायचं की उडी घेतली. खरं काय झालं ते मला आजही माहीत नाही, आणि माहीत असणारं दुसरं कोणी नाही. बाबांनी नंतर विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली आणि त्या विषयावर घरात कुलूप पडलं. पोलीस येऊन गेले, पाव्हणे येऊन गेले, ज्यांच्याकडे लग्न ठरत होतं ते तर तोंड दाखवायलाही आले नाहीत. मग आम्ही तिघंच उरलो.

तिघंच उरलो असं मी लिहिलं खरं, पण ते खोटं आहे. ताई घरातच होती. मला भुताखेतांचं काही सांगायचं नाही, तसलं मी मानत नाही आणि तेव्हाही मानत नव्हते. पण आमच्या पुढच्या दाराला मोठी कडी होती, ओसरीवरून वारं आलं की ती वाजायची. इतर वेळी वाजली तर कोणी लक्ष द्यायचं नाही. दुपारी, जेवणाच्या वेळी वाजली की आई हातातलं काम टाकून दाराकडे बघायची आणि अगदी साध्या आवाजात म्हणायची, "आली का वं?" मग पुन्हा कामाला लागायची. बाबा मान खाली घालून भाकर मोडत राहायचे. सुरुवातीला माझ्या अंगावर काटा यायचा. पुढं पुढं मीसुद्धा कडी वाजली की आईच्या आधी दाराकडे बघायला लागले. ताईचं ताट मांडणीत उभं असायचं, रोज घासलेलं, रोज कोरडं केलेलं, आणि त्यात कोणी जेवायचं नाही. आईचं स्वतःचं जेवण म्हणजे रात्री चुलीपाशी उभ्या उभ्या हातावर घेतलेली अर्धी भाकर. दुपारी ती जेवायचीच नाही. का नाही जेवत म्हणून विचारलं की म्हणायची, "मले भूक नाई." तिच्या हातातल्या बांगड्या सैल होत होत कोपराकडे सरकायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, यांना काही आजार नाही, जेवायला सांगा. आम्हाला ते ठाऊक होतं. आई हळूहळू आमच्या डोळ्यांसमोरून चालली होती आणि तिला कसं थांबवायचं ते ना बाबांना कळत होतं ना मला.

अखजीला तर घरात पाय ठेवू नये असं वाटायचं. इकडच्या माणसाला सांगायला नको, पण नातीसारख्यांसाठी लिहिते: अक्षय तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं कोणाला तरी जेवायला बसवतात. बाई गेली असेल तर बाई, कुवारी पोर गेली असेल तर कुवारी पोर. त्या दिवशी त्या पाटावर बसलेलं माणूस म्हणजे आपलं गेलेलं माणूस. त्याला पोटभर वाढायचं आणि शेवटी विचारायचं, पोट भरलं का? त्यानं भरलं म्हटलं की मगच घरच्यांनी जेवायचं. साधी गोष्ट आहे. पण ताईसाठी आमच्याकडे पोर बसवायला कोणी तयार होत नव्हतं. आई दर वर्षी भावकीत दारोदार जाऊन विचारायची. कोणाच्या पोरीला नेमका ताप असायचा, कोणाची मामाकडे गेलेली असायची. एका काकूनं तर तोंडावर सांगितलं, "शोभीचं मरन काई साधं नोतं बाई. आमची बी एकुलती एक हाये." आई परत आली. पाट मांडला, ताईचं ताट पुरणपोळी, वडे, कुरडया, रस, चिंचवणी असं भरून ठेवलं, आणि भिंतीला टेकून बसून राहिली. पुरणावर माश्या यायला लागल्या तसं बाबांनी ते ताट उचलून गाईपुढं नेलं. गाय काही पोट भरलं म्हणून सांगत नाही.

मी अमरावतीला कॉलेजला जायला लागले ती रोज एसटीनं अपडाऊन करून. ताईला जायचं होतं ते हेच कॉलेज. तिथं गावंडे सर तत्त्वज्ञान शिकवायचे. उंच, वाकलेले, खिशात कायम खडूचा तुकडा. त्यांनी शनिवारी दुपारी 'धर्म आणि मी' नावाचा एक कोर्स काढला. परीक्षा नाही, मार्क नाहीत, पुस्तक नाही, नुसतं गोल करून बसायचं आणि बोलायचं. मी खरं सांगते, मी त्यात नाव घातलं ते घरी उशिरा जायला मिळावं म्हणून. शनिवारी दुपारी घरात बसण्यापेक्षा धर्माबद्दल बोललेलं बरं. शाहीन होती, गवळीपुऱ्याकडची, तिच्या हसण्यानं खिडक्या वाजायच्या. चर्चमध्ये पेटी वाजवणारा एक मुलगा होता. आणि रंजना होती, अकोल्याची, मुलींच्या होस्टेलवर राहायची. बौद्ध घरातली, कमी बोलणारी. पण बोलली की समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची. मला पहिल्या दिवशी तिची भीतीच वाटली होती.

सरांचे दोन नियम होते आणि त्यापायी ते कोणाचीही कानउघाडणी करायचे. एक, 'आमच्यात असं असतं' हे वाक्य बोलायचं नाही; जे सांगायचं ते 'मी' म्हणून, 'माझ्या घरी' म्हणून. आणि दुसरा, दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं नाही. शाहीननं एकदा "सगळ्या हिंदूंना वाटतं" असं म्हटलं तर सर म्हणाले, "सगळे हिंदू इथं आले नाहीत, शाहीन. तुला काय वाटतं ते सांग." आम्हाला ते आधी चिडवण्यासारखं वाटायचं. कँटीनमध्ये आम्ही एकमेकींना "सगळ्या समोशांच्या वतीनं बोलू नको" म्हणून हसायचो. पण करून बघा. 'आमच्यात' हा शब्द काढून घेतला की माणूस उघडं पडतं.

त्या शनिवारी विषय होता घरातला एक सण. माझी पाळी आली आणि मी अगदी शाळेतल्या निबंधासारखी सुरुवात केली, "आमच्यात अखजीला पितरांना..." सरांनी हात वर केला. "तुमच्यात नाही, मालती. तुझ्या घरी." मी पुन्हा सुरुवात केली. 'माझ्या घरी' म्हटलं आणि पुढचं वाक्य आपोआप बाहेर आलं, मी त्याला थांबवूच शकले नाही. "माझ्या घरी अखजीला माझ्या ताईचं ताट वाढतात आणि जेवायला कोणी येत नाही." एवढं बोलून मी थांबले. पंखा घरघरत होता. कोणी "अरेरे" म्हटलं नाही, म्हणून मी कशीबशी पुढं बोलले, विहिरीचं, भावकीचं, आईच्या दुपारचं. शाहीननं हळूच विचारलं, "फिर उस ताट का क्या करते तुम लोग?" मी म्हटलं, गाईला घालतो. आणि रंजना समोरून म्हणाली, "मी येईन जेवाले."

मला आनंद झाला असेल असं वाटेल वाचणाऱ्याला. मी घाबरले. आई काय म्हणेल, भावकी काय म्हणेल, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं, आणि रंजनाला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं. बाहेर व्हरांड्यात ती म्हणाली, "मी काऊन म्हटलं मालूम हाये का? तू म्हटलं ना का कोणी येत नाई. मले ते ऐकवलं नाई. मले लहानपणी एका घरी जेवता जेवता उठवलं होतं. पण मले आधी बाबांले इचारा लागते. श्राद्धपक्ष करायचा नाई, ही आमची, म्हनजे माही," ती थांबली आणि जरा हसली, "माही प्रतिज्ञा हाये."

म्हणून आम्ही दोघी अकोल्याला गेलो. एसटी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा आम्ही गार पाण्याचे पेले घेतले. रंजनाचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली पुस्तकांची फळी. तिच्या आईनं पातोड्यांचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता, असा झणझणीत की माझ्या नाकातून पाणी. मी तिथं जेवले ते आईला सांगायचं की नाही याचा विचार करत जेवले, हेही लिहून ठेवते. तिचे बाबा सरकारी कचेरीत होते. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "हे पाह्य बाई," ते मला म्हणाले, "आमच्या बापानं दीक्षा घेतली तवा काई गोष्टी सोडल्या, त्या सोडल्या. तिथं माही पोरगी कोणाचं पितर होनार नाई. पण कोणी जेवाले बलावलं, मानानं बलावलं, त जाचं. त्यात काई वाईट नाई." आणि रंजनाकडे वळून म्हणाले, "खोटं नाई बोलाचं, हीबी प्रतिज्ञाच हाये. ध्यानात ठेवजो."

घरी आईला सांगितलं तेव्हा बाबाच आधी बोलले. "कोनाची पोट्टी म्हनते? अकोल्याची? अवं पन भावकी काय म्हनन?" आई चुलीपुढं बसली होती. तिनं फुंकणी खाली ठेवली. इतक्या वर्षांत मी तिला बाबांवर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "भावकी आली का जेवाले? एक तरी आली का? तिले येऊ द्या. ती माह्या शोभीच्या ताटावर बसाले तयार हाये, मले अजून काय पाह्यजे?" बाबा उठून बाहेर गेले. आईनं दुसऱ्याच दिवशी कुरडयांचा डबा उन्हात काढला.

अखजीच्या दिवशी रंजना सकाळच्या एसटीनं आली. पिवळा साधा ड्रेस, दोन वेण्या. आई दारातच ताम्हण घेऊन उभी होती, पाय धुवायला. रंजना मागं सरली. "काकू, पाय नोका धू. कुंकूबी नोको. मी रंजना हाव, मालूची मैत्रीण. मी शोभाताई म्हनून नाई बसत, मी नुस्ती जेवाले आली." तिनं हे अगदी स्पष्ट सांगितलं, माझ्यासमोर, बाबांसमोर. आई म्हणाली, "हाव माय, बस." पण आईचे डोळे तिच्या वेण्यांवर होते आणि मला तेव्हाच कळलं की आईच्या कानात काही शिरलं नाही. बाबांनी अंगणात गोवरीच्या निखाऱ्यावर घास टाकला. तुपाचा चर्र आवाज झाला आणि धूर ओसरीभर पसरला. शेजारच्या बाया कुंपणावरून माना उंचावून बघत होत्या. त्यांच्याकडे एकदा रोखून बघितलं मी.

आई वाढत होती आणि रंजना जेवत होती. इतकं मन लावून जेवताना मी कोणाला पाहिलं नाही. पोळी संपली की आई दुसरी टाकायची, वरून तूप. वडे. कढी. पुन्हा रस. रंजनाच्या कपाळावर घाम आला होता, तरी ती नको म्हणत नव्हती. आई तिच्याशी बोलायला लागली, आणि ते बोलणं रंजनाशी नव्हतं. "चिंचवणी घे ना. तळहातावर घेतं का? घे, मी काई म्हनत नाई आज." रंजनानं वाटी उचलली आणि वाटीनंच प्याली. ताटाच्या कडेला ताईचं नाव दिसत होतं, त्यावर रसाचा एक थेंब ओघळला होता. दाराची कडी वाजली. आईनं दाराकडे बघितलं नाही. ती रंजनाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला तिथून पळून जावंसं वाटलं. ताट रिकामं झालं. आई पाटासमोर गुडघे टेकून बसली. "शोभे," ती म्हणाली, "पोट भरलं का वं?"

एक शब्द. 'भरलं' एवढंच म्हणायचं होतं. देवा, मी मनातल्या मनात रंजनाच्या पाया पडत होते. काय जात होतं तिचं? पण ती तशीच बसून राहिली, उष्टा हात ताटावर धरून. मग म्हणाली, "काकू, मी रंजना. माहं पोट भरलं. तुमच्या हातचं लय जेवली मी. पन शोभाताईचं मले नाई सांगता येत."

आई हलली नाही. "सांग ना माय," ती म्हणाली, भीक मागितल्यासारखी. "तू सांग. कोनी त सांगा." रंजनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, उष्ट्या हातानं पुसताही येत नव्हतं. तिनं मान हलवली, नाही. आणि मग ज्या आवाजात शाहीननं वर्गात मला विचारलं होतं तसं तिनं आईला विचारलं, "काकू, ती त्या दिवशी जेवली होती का?"

"नाई," आई म्हणाली. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. बाबांनी नाही, पोलिसांनी नाही, मी नाही. "वांग्याची भाजी अन् भाकर वाढली होती. त्या लग्नाचं बोलून राहिली होती, नाई करत म्हने, नाई करत. मी चुलीपुढं, माहं डोकं तापलं. मी म्हटलं, जेवाचं असन त जेव, नाई त ऊठ." आईनं पदर तोंडात कोंबला आणि पुन्हा काढला. "उठली. भरल्या ताटावरून उठली. कडी वाजली तिच्या मागं. मले वाटलं येईन, राग उतरला का येईन जेवाले. मी झाकून ठेवलं होतं ताट. बाई, माही लेक उपाशी गेली. उपाशी गेली माही शोभा." आणि मग ती अशी रडली की कुंपणावरच्या बाया गुमान घरात गेल्या. मी माझ्या आईला ताईच्या मयतीलाही असं रडताना पाहिलं नव्हतं.

बाबा ओसरीच्या पायरीवर उभे होते. ते आत आले आणि आईच्या शेजारी जमिनीवरच बसले. "मले काऊन नाई सांगितलं?" ते म्हणाले. "मी समजत होतो मी लग्नाची घाई केली, माह्यामुळं गेली." आई म्हणाली, "तुमी इचारलं कधी?" बाबांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला, पोरींच्या देखत. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

रंजना उठली. न्हाणीत जाऊन हात धुतला, ताईचं ताट घासलं, पदर नव्हता म्हणून ओढणीनं कोरडं केलं आणि आईसमोर ठेवलं. पोळी वाढली, तूप वाढलं, वाटीत चिंचवणी ओतली. "काकू, आता तुमी बसा." आई म्हणाली, "तिनं सांगितलं नाई ना अजून." रंजना म्हणाली, "ती नाई सांगनार, काकू." आईनं बराच वेळ त्या ताटाकडे बघितलं. मग मांडी घालून बसली आणि पहिला घास घेतला. दुपारची वेळ होती. कडी पुन्हा वाजली. आई जेवत राहिली. तिच्या तोंडून काही आलं नाही, मानसुद्धा वर झाली नाही. मी दाराकडे बघितलं. दारात ऊन होतं.

एसटी स्टँडवर मी रंजनाशी भांडले. म्हटलं, "एक शब्द बोलली असती तर मेली असती का तू?" ती फलाटावरच्या बाकावर पोट धरून बसली होती, जेवण जास्तच झालं होतं तिला. म्हणाली, "बोलली असती त पुढल्या साली पुन्हा बलावलं असतं तुह्या आईनं. अन् त्याच्या पुढल्या साली. मी शोभाताईच होऊन गेली असती तुमच्या घरी. मंग मी कुठी बसली असती?" मला ते तेव्हा पटलं नाही. गाडी आली आणि ती गेली.

पुढच्या शनिवारी कोर्सचा शेवटचा तास होता. सर म्हणाले, कागद नको, एकेकानं उभं राहून सांगा, काय मिळालं. शाहीन म्हणाली तिला मैत्रिणी मिळाल्या. पेटी वाजवणारा मुलगा म्हणाला त्याला ऐकायची सवय लागली. सगळे छान छान बोलत होते. माझी पाळी आली. गेला आठवडाभर आमच्या घरात जे चाललं होतं ते माझ्या डोक्यात घोळत होतं. मांडणीत ताईच्या ताटाची जागा आता इतर ताटांमध्ये होती, कोणीही त्यात जेवत होतं. आदल्या दिवशी मीच जेवले होते. दुपारी कडी वाजायची आणि ती नुसती कडी असायची. ताई आता कुठंच नव्हती. तिला मारलं ते विहिरीनं नाही, आम्हीच या अखजीला मारलं असं मला वाटत होतं, आणि माझी ताई मला परत पाहिजे होती, उपाशी तर उपाशी. मी म्हणाले, "सर, तुमच्या कोर्सनं आमच्या घरातलं एक माणूस कमी झालं." रंजना समोर होती. तिनं मान खाली घातली नाही. सरांनी खिशातला खडू काढून हातात धरला. "मालती," ते म्हणाले, "हे चांगलं झालं का वाईट?" मी म्हटलं, "सर, आई आता बसून जेवते." आणि खाली बसले. यापेक्षा वेगळं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

रंजना त्यानंतर आई असेपर्यंत दर अखजीला आली, रंजना म्हणून. आई शेजारणींना सांगायची, "हे रंजना. अकोल्याची. हिले चिंचवणी आवडते, पन वाटीनं पेते बापा, हातावर नाई घेत." आई पिकल्या वयात गेली, दुपारचं जेवून, हात धुऊन, जरा पडते म्हणून पडली ती तशीच. रंजना आता अकोल्यात निवृत्त होऊन बसली आहे, गुडघे दुखतात म्हणून येत नाही, फोन करते आणि पहिला प्रश्न विचारते, "जेवली का वं?" मी हाव म्हणते. अमरावतीच्या या फ्लॅटला कडी नाही, बेल आहे, आणि दुपारी ती सहसा वाजत नाही. तरी जेवणाची वेळ झाली की माझा घास हातात राहतो. नात विचारते, "आजी, कोण येणार आहे?" मी कोणी नाही म्हणते. आई बसून जेवायला लागली त्या दिवसापासून दाराकडे बघायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते कोणाच्या हवाली करावं ते मला कळत नाही.